यंत्रातून गाऱ्हाणे

भाईंचे जगातल्या प्रत्येक यंत्राविषयी एक मत होते. ज्या यंत्राविषयी मत नसे, ते यंत्र अजून बाजारात आलेले नसे. मी गोव्यात लाटंबार्स्याला त्यांच्या घराला लागून असलेल्या खोलीत भाडेकरू म्हणून बरीच वर्षे काढली. इतकी ठाम मते मी एरवी फक्त अग्रलेखांत वाचली आहेत. फरक एवढाच, की भाई ज्या वस्तूविषयी बोलत ती त्यांनी निदान एकदा उघडून पाहिलेली असे. परत बंद करता आली असेलच असे नाही.

खोली बघायला गेलो तेव्हा त्यांनी माझे नाव, गाव, पगार यांतले काहीच विचारले नाही. हात पुढे केला आणि म्हणाले, "फोन दाखयात बघया."

मी खिशातला बटणांचा फोन त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो मुलीच्या बापाने स्थळाची पत्रिका धरावी तसा दूर धरला.

"मास्तर, ह्यो तुमका कोणी दिलो?"

"मीच घेतला."

"आपणहून?" त्यांचा विश्वास बसेना. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाले, "अगो, च्या कर गे. मास्तर साधे दिसतात."

अशी ती खोली मला मिळाली. शाळेत मी मराठी शिकवत असे. भाईंच्या हिशेबात ते फोनपेक्षाही जुने मॉडेल होते, पण त्याबद्दल त्यांनी कधी उणा शब्द काढला नाही. गावात तेव्हा मराठीवाले आणि कोकणीवाले असे दोन पक्ष होते आणि दोघेही एकाच भाषेत भांडत. भाई कुठल्याच पक्षात नव्हते. "कीबोर्ड कोणाचो बरो, ते सांगा," एवढेच ते विचारत, आणि दोन्ही पक्ष खिशातून आपापले फोन काढत.

त्यांचे खरे नाव मतदारयादीत असणार. गावाला ते भाईच. आयुष्यभर ते सुर्ल्याच्या एका खाणीच्या कचेरीत वायरलेस सेटवर बसले. कुठला ट्रक कुठे अडकला, कुठली बार्ज भरली, हे सगळे त्यांच्या तोंडून जाई. वायरलेसचा एक नियम असतो: एकजण बोलत असताना दुसऱ्याने बोलायचे नाही, आणि आपले संपले की दुसऱ्याला बोलू द्यायचे. भाईंनी या नियमाचा पहिला अर्धा भाग घरी आणला. दुसरा सुर्ल्यालाच राहिला. खाणी बंद झाल्यावर ते पूर्ण वेळ घरी आले आणि काजूची बाग, त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, आणि मी, असे तिघेही त्यांच्या आवाजाच्या टप्प्यात आलो.

संध्याकाळी ओसरीवर जनेलाखाली, म्हणजे खिडकीखाली, कदेल, म्हणजे खुर्ची, टाकून ते बसत. समोरून जाणाऱ्याच्या हातात काही नवे दिसले की त्याला थांबवत. पासवर्डबद्दल त्यांचे म्हणणे असे, की तो चोराला अडवण्यासाठी नसून मालकाचा अपमान करण्यासाठी काढला आहे. अपडेट म्हणजे गणेशचवथीला आलेला मुंबईचा पाहुणा: विचारून येत नाही, आल्यावर सगळ्या वस्तूंच्या जागा बदलतो आणि आपण किती सुधारणा केली ते जाताना सांगतो. रिमोट कंट्रोल हा फक्त बायकांना समजतो, कारण हरवलेली वस्तू शोधण्याचा सराव त्यांनाच असतो. आणि जगातली सर्वात उत्तम नोटिफिकेशन म्हणजे सकाळी पाव घेऊन येणाऱ्या पोदेराचा भोंपू. "एकदांच वाजता, खरी खबर दिता, आणि खबर गरम आसता," ते त्याच्याकडच्या उंड्याचा, कडक पावाचा, तुकडा चहात बुडवत म्हणत.

ते फक्त बोलत नसत, करूनही बघत. नारळ खोवायच्या आदोळीला त्यांनी एकदा शिलाईयंत्राची मोटर जोडली. पहिल्याच झटक्याला नारळाची वाटी वहिनींच्या हातातून सुटली आणि कुंपणावरून पलीकडे गेली. पलीकडे त्यांचे चुलत भाऊ आपा राहत.

वहिनी शांतपणे म्हणाल्या, "आता सांगा तुमच्या मोटरीक, कांदो पण आपांच्याच घरात चिरून ये म्हणून."

भाई आणि आपा यांचे कुंपण एक होते, देव एक होता, आणि आजोबा एक होते. एवढे साम्य असल्यावर वैर ठेवायला वेगळे कारण लागत नाही. तरी एक कारण मोबाइलने दिले. गावचा ग्रुप भाईंनी काढला होता आणि ॲडमिन ते स्वतःच होते. आपा त्यावर रोज सकाळी उगवता सूर्य आणि खाली एक सुविचार पाठवत. भाईंनी आठवडाभर सोसले आणि मग त्यांना काढून टाकले. कारण जाहीर केले: "सूर्य सगळ्यांच्या दारात उगवलोच आसा. आपान तो आनी धाडपाची गरज ना."

आपांनी ही तक्रार थेट देवळाच्या बैठकीत नेली. "माका काडलो तो देवाक विचारून काडलो?" असा त्यांचा सवाल होता. बरीच चर्चा होऊन तडजोड निघाली, की आपांनी फक्त सणाच्या दिवशी सूर्य पाठवावा. आपांनी घरी जाऊन दिनदर्शिका उघडली आणि त्यांच्या लक्षात आले की आपल्या पंचांगात सणाचा नसलेला दिवस जवळजवळ नाहीच. सूर्य पुन्हा रोज उगवू लागला.

भाईंचे दुसरे भांडण नकाशातल्या बाईशी होते. समुद्रावर जायला निघालेले पर्यटक तिच्या नादी लागून वरचेवर आमच्या अंगणात येत. भाई त्यांना पाणी देत, काजू देत, आणि उपग्रह कसा चालतो ते सांगत. मधल्या काळात ती बाई त्यांच्या गाडीतून "उजवीकडे वळा" म्हणत राही.

"उजवेकडेन माजी तळी आसा, बाये!" भाई तिला ओरडून सांगत.

"तिका तरी उत्तर दितात," वहिनी दारातून म्हणत. "माका तेंय ना."

या सगळ्या बोलण्याला वर्षातून एक दिवस वजन येई. गावच्या जत्रेला, दुपारी महानैवेद्य दाखवल्यावर, देवापुढे गाऱ्हाणे घालायचा मान भाईंच्या घराचा होता. ज्यांनी ते ऐकलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो: गाऱ्हाणे म्हणजे गावाच्या वतीने देवाशी केलेले उघड बोलणे. एकजण पुढे उभा राहून मागणे मागतो आणि प्रत्येक वाक्याला मागचा सगळा गाव "होय म्हाराजा!" म्हणतो. त्याला पोथी नाही; आजा म्हणे तसे बाप म्हणतो आणि आपले चार शब्द घालतो. भाई ते इतके सुरेख म्हणत, की माझ्यासारख्या देवळात खांबाला टेकून उभे राहणाऱ्या माणसाचेही हात जोडले जात. खाण गेली, वायरलेस गेला. त्यांच्या आवाजाला गावात उरलेले ते एकच काम होते.

आणि त्याच आवाजावर गदा आली. काजूच्या मोसमाच्या सुरुवातीला घसा बसला तो उठेना. पणजीच्या डॉक्टरांनी स्वरयंत्रावरची एक लहानशी गाठ काढली. गाठ साधीच निघाली, पण डॉक्टर म्हणाले, पावसाळा लागेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. त्याआधी आवाज चढवलात तर तो कायमचा जाईल.

जत्रा पावसाळ्याआधी होती.

गावचा दंडक असा, की ज्या घरातून गाऱ्हाणे निघाले नाही, त्या घराचा मान पुढच्या घराला जातो आणि गेलेला मान परत येत नाही. भाईंना मुलगा नव्हता. मुलगी लग्न होऊन बेळगावला होती, आणि मुलीने गाऱ्हाणे घातल्याचे कोणी ऐकलेही नव्हते. पुढचे घर आपांचे. आपा काजूच्या बागेत सराव करू लागले होते. त्यांच्या झाडांवरचे कावळे त्या दिवसांत आमच्या झाडांवर येऊन बसत.

भाईंनी फोन काढला. लिहिलेले वाचून दाखवण्याची सोय त्यात होतीच. आता ते टाइप करत आणि फोन बोले. आवाज बाईचा, नकाशातल्या बाईची सख्खी बहीण शोभेल असा. आमची बोली तिला जमेना. "माका आनी इल्लोसो भात वाड" हे वाक्य तिने असे काही वाचले की मांजर उठून गेले. मग भाई शुद्ध मराठीत लिहू लागले, आणि शुद्ध मराठीसाठी मला हाक मारू लागले, म्हणजे ताट वाजवू लागले. त्या दिवसांत त्यांच्या जेवणाच्या मेजावर असे आवाज ऐकू येत: "कृपया मला थोडा भात वाढावा. आमटी उत्तम झाली आहे."

वहिनी पहिल्या दिवशी डाव हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. "मास्तर, ह्या घरात माका कोण 'कृपया' म्हणपाक एक यंत्र येवचें पडलें," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी फोनसमोर आणखी एक डाव भात वाढला.

गाऱ्हाणेही यंत्रच घालणार, हे भाईंनी ठरवले होते. मजकूर आम्ही दोघांनी मिळून लिहिला. बोलीतले गाऱ्हाणे प्रमाण मराठीत आणले की त्याचा अर्ज होतो, हे मला तेव्हा कळले. "आमच्या गुरांवासरांचे रक्षण व्हावे, ही विनंती" हे वाक्य लिहून झाल्यावर खाली सही करावीशी वाटली.

देवळाच्या बैठकीत गहजब झाला. आपा उठून म्हणाले, "देवाक गाराणें मनीस घालता. यंत्राक गोत्र खंय? कूळ खंय?"

भाईंनी टाइप केले. फोन म्हणाला, "यंत्र माझे आहे. शब्द माझे आहेत. फक्त घसा उसना आहे."

"बघा, उलट उत्तरां दिता!" आपा म्हणाले.

भटजी वयस्क आणि हुशार. वाद माणसांनी मिटवायचा नसेल तर देवावर सोपवावा, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. ते म्हणाले, "प्रसाद घेऊया." म्हणजे देवाच्या अंगाला फुलाच्या पाकळ्या लावायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. भटजींनी पाकळ्या लावल्या आणि स्पष्ट विचारले, "बा देवा, ह्या घरचें गाराणें ह्या यंत्रातल्या आवाजान घातलें तर तुका मानता?"

थोडा वेळ गेला. उजवी पाकळी पडली.

"पंख्यान पडली," आपा म्हणाले. "आनी पंखो देवळाक दिलो कोणी? ह्याणेंच!"

पंखा बंद करण्यात आला. सगळे घामाघूम होऊन उभे राहिले. भटजींनी पुन्हा पाकळ्या लावल्या, पुन्हा तेच विचारले. पुन्हा उजवी.

"आतां वाऱ्याक बंद करूं?" भटजींनी विचारले. आपा खाली बसले.

जत्रेच्या दिवशी देऊळ भरले होते. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला. भाई नवे धोतर नेसून पुढे उभे राहिले, फोन माइकसमोर धरला, आणि कळ दाबली. सभामंडपात त्या बाईचा आवाज घुमला: "हे देवा महाराजा, आज या शुभदिनी संपूर्ण गाव आपल्या चरणी उपस्थित आहे."

लोकांनी एकमेकांकडे पाहिले. मग सवय धावून आली. "होय म्हाराजा!"

"आमच्या शेतीवाडीला, गुरांवासरांना आणि लेकराबाळांना सुखी ठेवावे."

"होय म्हाराजा!"

भाईंच्या चेहऱ्यावर, खाणीत पहिला सेट बसवला तेव्हा असेल, तसे तेज आले. पण एक गोष्ट त्यांच्या ध्यानातून गेली होती. घरी सोयीचे पडावे म्हणून त्यांनी फोनला, समोर जे येईल ते सगळे मोठ्याने वाचायला सांगून ठेवले होते. आणि सकाळपासून त्याच फोनवर गाऱ्हाण्याची तालीम चालली होती.

"जे गावाबाहेर, समुद्रापलीकडे कामाला आहेत, त्यांना सांभाळावे."

"होय म्हाराजा!"

"बॅटरी कमी आहे. चार्जर जोडा."

"होय म्हाराजा!"

गाव तालात आला होता. आता त्याला अर्थाची गरज नव्हती. भाई घाईघाईने पडद्यावर बोट मारू लागले, तेवढ्यात बेळगावहून मुलीचा निरोप आला आणि बाईने तोही तितक्याच भक्तिभावाने वाचला: "बाबा, गाऱ्हाणे झाले का?"

"होय म्हाराजा!"

"आपा काका काय म्हणतात?"

"होय म्हाराजा!" यात आपांचा आवाज सगळ्यांत वर होता. भटजींनी उपरण्याने तोंड पुसले आणि बराच वेळ पुसत राहिले.

"आणि हे महाराजा, जे कोणी..." बाई म्हणाली, आणि फोन बंद पडला.

घातलेच नाही असे गाऱ्हाणे एकवेळ चालते, पण अर्ध्यावर तुटलेले गाऱ्हाणे गावावर उलटते, असे सगळेच मानत. मीही तेव्हा ते मानले. आपा घसा खाकरत पुढे सरकले. माझ्या समोर भाई उभे होते. त्यांनी काळा पडलेला पडदा पाहिला, आपांकडे पाहिले, देवाकडे पाहिले, आणि छाती भरून श्वास घेतला. ते बोलणार होते. तोंड उघडले होते.

"आणि बा म्हाराजा!" बायकांच्या बाजूने आवाज आला. वहिनी जागेवरून हलल्या नव्हत्या, फक्त पदर खोचला होता. "माज्या घरधन्याक तोंड बंद दवरपाची बुद्धी दी!"

"होय म्हाराजा!!"

असा होकार त्या देवळाने त्याआधी ऐकला नसावा. कबुतरे उडाली. भाईंनी तोंड मिटले.

वहिनी थांबल्या नाहीत. आयुष्यभर त्यांनी दर जत्रेआधी हे गाऱ्हाणे स्वयंपाकघरातून ऐकले होते. पण त्यांनी भाईंचे म्हटले नाही, स्वतःचेच म्हटले. खाणी बंद झाल्यापासून दारांत ताडपत्रीखाली उभ्या असलेल्या ट्रकांच्या चाकांना पुन्हा भाकरी दे म्हणाल्या. काजूच्या मोहराला धुके लावू नको म्हणाल्या. परगावी दिलेल्या पोरींची वाट सोपी कर म्हणाल्या. देवाशी त्या कुंपणावरून शेजारणीशी बोलावे तशा बोलत होत्या, मधेच जरा रागावतही होत्या. प्रत्येक वाक्यावर गाव होय म्हणत होता, आणि बायकांची बाजू पहिल्यांदाच पुरुषांच्या आधी म्हणत होती.

संपल्यावर आपांना भान आले. "पूण बायल मनशेन गाराणें..."

भटजी म्हणाले, "आपा, सुरवातीपासून बायलेचोच आवाज आसलो. देवान दोनदां उजवी दिली. तुवेंय होय म्हटलें, आनी सगळ्यांत व्हड्यान म्हटलें." मग ते नारळ वाढवायला गेले, कारण महाप्रसाद थंड होत होता.

मान भाईंच्या घरात राहिला. त्या संध्याकाळी त्यांनी फोन चार्ज करून एकच वाक्य टाइप केले. बाई म्हणाली, "आपण उत्तम बोललात." वहिनींनी फोनसमोर खिरीची वाटी ठेवली.

पावसाळा लागला आणि भाईंचा आवाज परत आला. थोडा घोगरा, पण टप्पा तोच. ओसरीवरची मते पुन्हा सुरू झाली. आता त्यांत बॅटरीवरचे एक लांबलचक मत वाढले होते. पुढच्या जत्रेच्या सकाळी ते पहाटेच आंघोळ करून, इस्त्रीचे धोतर नेसून कदेलावर बसले. देवळाचा माणूस गाऱ्हाण्याचे बोलावणे घेऊन येतो, विडा आणि नारळ घेऊन. तो आला. भाई उठले आणि दोन्ही हात पुढे केले.

तो माणूस चपला काढत, जरा संकोचून म्हणाला, "वयनी आसा मगो?"

मी पेपर वाचत होतो. मी तो वाचतच राहिलो. भाईंचे हात थोडा वेळ तसेच पुढे होते. मग त्यांनी ते हळूच मागे घेतले, धोतराची निरी उगाच नीट केली, आणि आत तोंड करून म्हणाले, "अगो, भायर यो गे. तुका आपयतात."

दुपारी देवळात ते माझ्या शेजारी, खांबापाशी उभे राहिले. वहिनी पुढे गेल्या. माइक त्यांनी बाजूला सारला. पहिले वाक्य झाले, गावाने "होय म्हाराजा" म्हटले. सगळ्यांचे म्हणून झाल्यावर, किंचित उशिरा, माझ्या बाजूने एक घोगरा आवाज आला. इतक्या वर्षांत ते शब्द म्हणायची त्यांच्यावर पाळीच आली नव्हती, त्यामुळे ताल सापडत नव्हता. दुसऱ्या वाक्यालाही ते मागे पडले. त्यांनी मान तिरकी करून पलीकडच्या खांबाशी उभ्या असलेल्या आपांच्या ओठांकडे नीट बघून घेतले.

तिसऱ्या वाक्याला त्यांनी आपांना मागे टाकले.